टेस्ट कधी हिरवी, कधी लाल: छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या सीआय स्क्रिप्ट तुम्ही कशा सांभाळता?

रात्रपाळी_नाशिक
मंगळवार, रात्री १२:४७

मंडळी, मदत हवीय, जरा सविस्तर लिहितो.

लिनक्सवरच्या एका छोट्या बॅकअप टूलसाठी मी गेली तीन वर्षं फावल्या वेळात काम करतोय. टूल सी मध्ये आहे, टेस्ट सगळ्या शेल स्क्रिप्ट, एकूण ४३. ज्यांनी त्या लिहिल्या ते आता प्रोजेक्टमध्ये नाहीत आणि दोन महिन्यांपूर्वी हे खातं माझ्याकडे आलं. प्रत्येक पुल रिक्वेस्टला, म्हणजे कुणी बदल पाठवला की, सीआय (आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) डेबियन, फेडोरा आणि अल्पाइन अशा तीन लिनक्सच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त छोट्या सिस्टिममध्ये, टेस्ट पळवते.

पहिलं दुखणं म्हणजे रिस्टोरची टेस्ट. ती एक फोल्डर बॅकअप करते, तीन सेकंद थांबते, आर्काइव्ह दुसऱ्या जागी कॉपी करते, तिथून परत उघडते आणि चेकसम (फाईलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवते. साधारण पंधरा वेळात एकदा चेकसम जुळत नाही. सगळे काय करतात तर री-रन दाबतात, हिरवी झाली की मर्ज, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये.

दुसरं, आर्काइव्हच्या नावात तारीख असते ती बरोबर आहे का हे बघणारी टेस्ट. ही सीआयवर कधीच पडत नाही, माझ्या लॅपटॉपवर मात्र बऱ्याचदा पडते आणि युरोपातले मेंटेनर म्हणतात आमच्याकडे चालते बाबा. दोनदा लॅपटॉप फॉरमॅट करून झाला.

तिसरं अल्पाइन. पाच महिन्यांपूर्वी कुणीतरी तो जॉब 'पडला तरी चालेल' असा करून ठेवलाय, तेव्हापासून लाल आहे आणि त्याचा लॉग कुणी उघडलेला नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की आता लाल दिसलं तरी कुणाला काही वाटत नाही. हे टूल लोकांच्या घरचे फोटो, दुकानाचे हिशोब सांभाळतं. तुम्ही लोक काय करता?

बोरिवली_स्लो
बुधवार, सकाळी ८:०५

भाऊ, मी दोन प्रोजेक्टना हातभार लावतो, दोन्हीकडे आम्ही पडलेली टेस्ट आपोआप तीनदा पळवतो. कारण सांगतो. एखादी कॉलेजची मुलगी पहिल्यांदा मॅन पेजमधली (टूलच्या मदतपानातली) स्पेलिंगची चूक सुधारून पाठवते आणि तिला लाल फुली दिसते, तिच्या बदलाचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो, ती घाबरते आणि परत फिरकत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय. फुकट वेळ देणाऱ्या माणसांकडून किती अपेक्षा करायची? तीन सेकंदांचे दहा करून टाका आणि पुढे जा.

जुना_डेबियनवाला
बुधवार, सकाळी ९:४०

बोरिवलीकर, नवीन मुलीबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, तिला त्रास होताच कामा नये. पण हिशोब करून बघा. पंधरात एकदा पडणारी टेस्ट तीनदा पळवली तर तिन्ही वेळा लाल यायची शक्यता ३,३७५ मध्ये एक. म्हणजे दोष तिथेच राहिला आणि आपण तो बघायची वाट बंद केली. वापरणाऱ्याच्या मशीनवर री-रनचं बटण नसतं हो, त्याच्याकडे ते पंधरात एकदा तसंच होत राहणार.

मधला मार्ग आहे आणि मोठ्या प्रोजेक्टनी तो वापरलाय. मेसा, म्हणजे लिनक्सवरचे ग्राफिक्स ड्रायव्हर, त्यांच्या रिपॉझिटरीत प्रत्येक हार्डवेअरसाठी साध्या टेक्स्ट फाईली असतात, एकीत कायम पडणाऱ्या टेस्ट, एकीत कधी पडणाऱ्या कधी न पडणाऱ्या. कर्नेलच्या ग्राफिक्स विभागानेही तीच पद्धत घेतली, आणि तिथला नियम मला फार पटतो. लहरी टेस्ट यादीत टाकायची तर सोबत बग रिपोर्टची लिंक, कुठल्या बोर्डवर पडली, कुठल्या कर्नेलपासून पडायला लागली आणि साधारण किती वेळा पडते हे सगळं लिहावं लागतं. म्हणजे यादीत टाकणं ही तक्रार नोंदवणं झालं, कार्पेटखाली ढकलणं नाही. नवीन माणसाला लाल दिसत नाही आणि दोषही विसरला जात नाही.

आणि तीनाचे दहा सेकंद कृपा करून करू नका. ४३ स्क्रिप्टमध्ये सगळीकडे झोपा (नुसतं थांबायचे सेकंद) वाढवल्या की सीआय लांबत जातं आणि तरी एखाद्या दिवशी मशीनवर लोड असला की दहाही पुरत नाहीत. ज्या गोष्टीची वाट बघताय ती झाली का हे लूपमध्ये विचारा, वर कमाल मुदत ठेवा.

इसार_काठी
बुधवार, दुपारी १:१५

नमस्कार, मी मूळची साताऱ्याची, आता म्युनिकला, कामच टेस्ट इन्फ्रास्ट्रक्चरचं आहे. नाशिककर, दुसऱ्या दुखण्याबद्दल एकच प्रश्न. ती तारखेची टेस्ट तुमच्याकडे पडते तेव्हा घड्याळात किती वाजलेले असतात?

रात्रपाळी_नाशिक
बुधवार, रात्री ११:२०

ताई, वेळ कधी लिहून नाही ठेवली. मुलं झोपली की साडेदहा-अकराला बसतो ते दीड-दोनपर्यंत. आत्ता चालवून बघितली, हिरवी आली. दहा वेळा चालवली, दहाही वेळा हिरवी.

इसार_काठी
बुधवार, रात्री ११:३१

अजून अर्धा तास जागे राहा आणि बाराच्या पुढे परत चालवा.

रात्रपाळी_नाशिक
गुरुवार, रात्री १२:०६

लाल!! दहापैकी दहा वेळा लाल! अहो हे काय आहे?

इसार_काठी
गुरुवार, रात्री १२:१४

टूल कंटेनरमध्ये चालतं ना, आणि कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. पण अपेक्षित तारीख काढणारी स्क्रिप्ट कंटेनरच्या बाहेर, तुमच्या लॅपटॉपवर चालते, ती भारतीय वेळेवर. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच भारतात गुरुवार उजाडलेला असतो आणि कंटेनरमध्ये अजून बुधवारच असतो. बाराच्या आधी दोन्हीकडे तारीख एकच. सीआयवर आतबाहेर दोन्ही यूटीसी, त्यामुळे तिथे कधीच पडत नाही. युरोपातल्या माणसाची हिवाळ्यात तासाभराची आणि उन्हाळ्यात दोन तासांची गडबड होते, तीही मध्यरात्रीनंतर, म्हणून त्यांना दिसत नाही.

उपाय सोपा. सगळ्या टेस्ट ज्या एका स्क्रिप्टमधून सुरू होतात तिच्या अगदी वरच टाइमझोन यूटीसी असा एक्सपोर्ट करून टाका. दुसरं म्हणजे तारीख टेस्टमध्ये दोनदा विचारू नका, एकदाच घ्या आणि व्हेरिएबलमध्ये ठेवून तीच टूललाही द्या, नाहीतर बरोबर मध्यरात्री चाललेली टेस्ट कुणाची तरी पडणारच.

तिथेच लोकेलही, म्हणजे सिस्टिमची भाषा आणि क्रम लावायची पद्धत, 'सी' या साध्या मूळ पद्धतीवर करा. माझ्या बहिणीच्या मशीनवर मराठी लोकेल आहे, तिथे डेट कमांड महिन्याचं नाव मराठीत देते आणि इंग्रजी नाव शोधणारी टेस्ट पडते. सॉर्टचंही तेच, सी लोकेलमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं आधी येतात, इंग्रजी यूटीएफ लोकेलमध्ये लहानमोठी मिसळून, त्यामुळे याद्यांची तुलना एका मशीनवर जुळते, दुसऱ्यावर नाही. पण एक टेस्ट मात्र मुद्दाम मराठी लोकेलमध्ये चालणारी ठेवा, फाईलची नावं देवनागरीत असलेली. आपले लोक तशीच वापरणार आहेत टूल.

रात्रपाळी_नाशिक
गुरुवार, रात्री १२:३८

ताई, शब्द नाहीत. दोन वर्षं मला वाटत होतं माझ्याच मशीनमध्ये काहीतरी खोट आहे. आत्ता ती ओळ टाकली आणि दहापैकी दहा हिरव्या.

शेल_कट्टा_कोल्हापूर
गुरुवार, सकाळी १०:५०

धागा वाचून राहवलं नाही. नाशिककर, तुमच्या लॉगमध्ये कुठे १४१ हा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) दिसतो का बघा. स्क्रिप्टमध्ये पाइपफेल चालू असेल आणि टूलची यादी पाइपमधून (एका कमांडचं लिखाण थेट दुसरीला) ग्रेप -क्यू या शब्द शोधणाऱ्या कमांडला दिली असेल तर हे हमखास होतं. ग्रेप -क्यू ला पहिलं जुळणारं नाव मिळालं की तो तिथेच थांबतो आणि पाइप बंद होतो. तुमचं टूल अजून यादी लिहितच असतं, त्याला सिगपाइप सिग्नल मिळतो, त्याचा नंबर १३, आणि १२८ अधिक १३ म्हणजे १४१. पाइपफेलमुळे अख्खी ओळ नापास. म्हणजे नाव सापडलंय, टेस्ट पास व्हायला हवी, आणि ती सापडल्यामुळेच पडली! टूलने ग्रेपच्या आधी सगळं लिहून संपवलं असेल तर काहीच होत नाही, म्हणून कधी होतं कधी नाही. यादी आधी फाईलमध्ये घ्या, मग त्या फाईलवर ग्रेप चालवा. टेस्ट पडली तर ती फाईल लॉगसोबत जपूनही ठेवता येते.

याच्या उलट जातीचा दोष जास्त वाईट, जिथे टेस्ट पडायला हवी आणि पडत नाही. फंक्शनमध्ये लोकल व्हेरिएबल जाहीर करता करता त्याच ओळीत कमांडचं उत्तर त्यात भरलं, की कमांड फसली तरी एक्झिट कोड लोकलचा येतो, म्हणजे शून्य. सेट -ई (चूक झाली की थांब) असूनही स्क्रिप्ट पुढे जाते. आधी जाहीर करा, पुढच्या ओळीत भरा. स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारा शेलचेक चालवा, तो हे २१५५ नंबरच्या इशाऱ्यात दाखवतो. पण सगळ्या ४३ स्क्रिप्टवर एकदम चालवलात तर शेकडो इशारे येऊन जीव दडपेल, आधी हा एकच इशारा चालू ठेवा, तो संपला की पुढचा.

अल्पाइनचा लॉग इथे टाका ना, बघूया.

रात्रपाळी_नाशिक
गुरुवार, रात्री ११:५५

१४१ सापडला! दोन स्क्रिप्टमध्ये, जुन्या लॉगमध्ये सहा ठिकाणी. आणि २१५५ चे इशारे १९.

अल्पाइनच्या लॉगचा सार असा: जुने आर्काइव्ह काढून टाकणारी टेस्ट पडते, डेट कमांड म्हणते की 'काल' ही तारीख अवैध आहे.

शेल_कट्टा_कोल्हापूर
शुक्रवार, सकाळी ७:३०

बरोबर, अल्पाइनमध्ये डेट बिझीबॉक्स या छोट्या कमांड-संचातली असते, तिला डेबियन-फेडोरातल्या जीएनयू डेटसारखे 'काल', 'दोन दिवसांपूर्वी' असले शब्द कळत नाहीत. १९७० पासून आत्तापर्यंतचे एकूण सेकंद घ्या, त्यातून एका दिवसाचे ८६,४०० वजा करा आणि @ लावून तो आकडा डेटला द्या, हे दोन्हीकडे चालतं.

आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत काय लिहिलंय तेही तपासा. साधा एसएच (स्क्रिप्ट चालवणारा शेल) लिहून आत बॅश या दुसऱ्या शेलच्या गोष्टी वापरल्या असतील तर प्रत्येक डिस्ट्रोवर वेगळं वागणार. उबुंटूने २००६ मध्ये, ६.१० पासून, एसएच म्हणजे डॅश केलं, फेडोरात एसएच म्हणजे बॅशच, अल्पाइनमध्ये बिझीबॉक्सचा अ‍ॅश. चौकोनी कंसात दोन बरोबर चिन्हं लिहिली तर बॅशला चालतात, डॅश तक्रार करतो. बॅश हवा असेल तर स्पष्ट बॅश लिहा आणि अल्पाइनच्या कंटेनरमध्ये तो इन्स्टॉल करा, तिथे आपोआप येत नाही.

सोलापुरी_चादर
शुक्रवार, दुपारी ४:२०

मी सिक्युरिटीत आहे, एक वेगळा मुद्दा मांडतो. तुमच्या टेस्टच्या फोल्डरमध्ये बायनरी फाईली आहेत का? जुने आर्काइव्ह, मुद्दाम बिघडवलेले नमुने वगैरे?

विचारायचं कारण म्हणजे एक्सझेड हे फाईली दाबून लहान करणारं टूल. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड यांनी जो बॅकडोर (चोरदरवाजा) उघडकीला आणला, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधला, त्याचा मुख्य माल कुठे दडवला होता? टेस्टच्या नमुना फाईलींमध्ये. कॉम्प्रेशनचं टूल, त्यामुळे बिघडलेल्या फाईली टेस्टसाठी असणारच, कुणाला संशय येणार? आणि तो माल बाहेर काढणारा स्क्रिप्टचा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना उतरवायला दिलेल्या कोडच्या गठ्ठ्यात होता. फ्रॉइंड यांच्या लक्षात आलं ते एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून. त्यानंतर मी टेस्टच्या फाईलींना 'फक्त टेस्ट आहे' असं कधीच म्हणत नाही.

दुसरं, तुमच्या सीआयमध्ये बाहेरच्या तयार अ‍ॅक्शन (दुसऱ्यांनी लिहिलेले सीआयचे तुकडे) असतील तर त्या टॅगवर, म्हणजे आवृत्तीच्या नावावर नको, पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅशवर, म्हणजे त्या नेमक्या बदलाच्या ओळखक्रमांकावर बांधा. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या अ‍ॅक्शनचे जुने टॅग कुणीतरी दुष्ट कमिटकडे वळवले आणि बिल्डच्या लॉगमध्ये गुप्त किल्ल्या छापल्या जाऊ लागल्या, २३,००० च्या वर रिपॉझिटरी ती वापरत होत्या. टॅग हलवता येतो, हॅश हलत नाही.

जुना_डेबियनवाला
शुक्रवार, संध्याकाळी ६:०२

सोलापूरकरांना पूर्ण अनुमोदन. कंटेनर इमेजलाही तेच, 'लेटेस्ट' लिहू नका. पण बांधून विसरायचंही नाही. सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्याचे मिरर (पॅकेज उतरवायच्या जागा) बंद झाले आणि जिथे जिथे टेस्ट त्यावर होत्या तिथे पॅकेज इन्स्टॉल करतानाच लाल. गिटहबने उबुंटू २०.०४ चे रनर (टेस्ट चालवणारी मशीन) एप्रिल २०२५ मध्ये काढले. दर तीन महिन्यांनी एक संध्याकाळ आवृत्त्या पुढे सरकवायला ठेवा आणि तो बदल वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये करा, म्हणजे काय कशामुळे पडलं ते कळतं.

रात्रपाळी_नाशिक
शनिवार, रात्री १:१०

बायनरी फाईली आहेत, सहा. चार कुठून आल्या ते गिटच्या इतिहासात सापडलं, दोन 'टेस्ट फाईल' एवढ्याच संदेशाने आलेल्या. सहाही काढतोय, त्याऐवजी नमुने टेस्टच्या वेळी स्क्रिप्टनेच बनवायचे, बिघडवायचे तरी कुठला बाइट बदलला ते स्क्रिप्टमध्ये दिसलं पाहिजे.

आता उरली रिस्टोरची टेस्ट. डेबियनकाकांचं ऐकून तीन सेकंदांची झोप काढून अट घालणार होतो, पण नेमकी कशाची वाट बघायची हेच मला सांगता येईना. बॅकअपची कमांड शून्य देऊन संपलेली असते, मग थांबायचं कशासाठी?

इसार_काठी
शनिवार, दुपारी २:२५

हा प्रश्न फार मोलाचा आहे, सोडू नका. झोप पूर्ण काढा, मशीनचे सगळे कोर मुद्दाम व्यस्त ठेवा आणि टेस्ट दोनशे वेळा लूपमध्ये चालवा. पडली की लगेच थांबा, काही पुसू नका, दोन्ही फाईली शेजारी ठेवून फरक कुठल्या बाइटपासून सुरू होतो ते बघा.

रात्रपाळी_नाशिक
रविवार, पहाटे ३:४०

सापडलं, आणि हात थरथरतायत लिहिताना.

सतराव्या फेरीला पडली. कॉपी केलेला आर्काइव्ह आणि मूळ आर्काइव्ह, सुरुवातीपासून शेवटच्या थोड्या भागापर्यंत अगदी तंतोतंत, पण कॉपीत शेवटचा तुकडाच नाही. मूळ फाईल मात्र आता पूर्ण होती. म्हणजे कॉपी झाली तेव्हा मूळ फाईल अजून लिहिली जात होती, बॅकअपची कमांड 'झालं' म्हणून संपल्यानंतरही.

एसट्रेस, म्हणजे प्रोग्राम सिस्टिमकडे काय काय मागतो ते दाखवणारं टूल, लावून बघितलं. टूल कॉम्प्रेशनसाठी एक चाइल्ड प्रोसेस (हाताखालचा वेगळा प्रोग्राम) सुरू करतं, त्याला पाइपमधून डेटा देतं, सगळं देऊन झालं की पाइप बंद करतं आणि शून्य देऊन निघून जातं. चाइल्डसाठी वेटपीआयडी, म्हणजे तो संपेपर्यंत थांबायची सूचना, कुठेच नाही. चाइल्ड मागे शेवटचा भाग लिहीत बसलेला. ती तीन सेकंदांची झोप कुणीतरी यासाठीच घातली असणार.

मग मी एक छोटं, मुद्दाम भरलेलं पार्टिशन घेतलं आणि त्यावर बॅकअप केला. चाइल्ड 'जागा संपली' म्हणून मेला. टूलने सांगितलं बॅकअप यशस्वी, एक्झिट कोड शून्य. फाईल अर्धवट.

बोरिवली_स्लो
रविवार, सकाळी ९:१५

बाप रे. म्हणजे मी म्हटलं तसे दहा सेकंद केले असते तर हे कधीच दिसलं नसतं. माझा सल्ला मागे घेतो. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये आपोआप री-रन होणाऱ्या किती टेस्ट आहेत ते आत्ता मोजलं, अकरा. काकांनी सांगितली तशी यादी बनवायला घेतोय, किती वेळा पडतात त्या आकड्यासकट.

सोलापुरी_चादर
रविवार, सकाळी १०:३०

नाशिककर, जुन्या तक्रारींमध्ये शोधा. हे कुणाला तरी आधी झालेलं असणार.

रात्रपाळी_नाशिक
सोमवार, रात्री ११:४५

शोधलं. दीड वर्षापूर्वी एका माणसाने लिहिलं होतं की रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बॅकअप करून लगेच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करतो आणि कधी कधी तिथला आर्काइव्ह उघडत नाही. आपल्याकडून उत्तर गेलं होतं की आम्हाला असं होत नाही, आणि तक्रार बंद. ती परत उघडली, काय सापडलं ते सगळं लिहिलं आणि त्यांची माफी मागितली.

दुरुस्ती चौदा ओळींची आहे. टूल आता चाइल्ड संपेपर्यंत थांबतं आणि त्याचा एक्झिट कोड पुढे देतं. रिस्टोरच्या टेस्टमधली झोप काढली, भरलेल्या पार्टिशनची टेस्ट नवीन घातली, ती जुन्या कोडवर पडते आणि नव्यावर पास होते हे दोन्ही बघितलं. लोड लावून एक हजार फेऱ्या, एकही लाल नाही.

अल्पाइनचा 'पडला तरी चालेल' उद्या काढतोय. २१५५ चे १९ पैकी ८ झाले, उरलेल्या ११ मध्ये दोन ठिकाणी टेस्ट आता खरोखर पडायला लागल्यात, ते बघायचंय. शेलकट्टा, शनिवारी रात्री वेळ आहे का तुम्हाला?

शेल_कट्टा_कोल्हापूर
मंगळवार, सकाळी ७:१०

आहे. दहाला बसू, दोन्ही लॉग आधी पाठवून ठेवा.